आजोबांच्या ट्रंकेतला पांढरा ॲप्रन कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा. निपाणीच्या जुन्या घराच्या माळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत निघालं ते हे: पांढऱ्या कातड्याचा, आकाशी काठाचा ॲप्रन आणि त्यावर धातूचे तीन उलटे ‘टी’, गळ्यात घालायचा रुंद आकाशी पट्टा, त्याला लटकलेला चांदीचा काटकोन आणि त्या काटकोनात टांगलेली छोटी पाटी, पांढरे हातमोजे, आणि शवपेटी व कवटीचं चित्र असलेलं जुनं कार्ड. कार्ड बघून शेजाऱ्यांनी करणी-भानामतीची शंका काढली. एका नातेवाइकांनी छातीठोक सांगितलं, की आजोबा तेहतिसाव्या डिग्रीचे होते. आता नातवाला चार गोष्टी हव्या आहेत. आजोबा नेमके कुठल्या पायरीवर होते? बुरशी लागलेला ॲप्रन वाचवायचा कसा? वस्तू विकाव्यात का? आणि आज त्यांना स्वतःला सभासद होता येईल का?

तुमचे आजोबा फ्रीमेसन होते आणि आपल्या लॉजचे, म्हणजे शाखेचे, मास्टर (प्रमुख) होऊन गेले होते. तीन उलटे ‘टी’ आणि काटकोनातली ती पाटी एवढ्या दोन खुणा त्यासाठी पुरतात. तेहतिसाचा इथे संबंध नाही.

मेसन म्हणजे गवंडी, हे एकदा मनात धरलं की ट्रंकेतली प्रत्येक वस्तू ओळखीची वाटू लागते. दगड घडवणाऱ्या कारागिरांच्या जुन्या संघटनांची भाषा, हत्यारं आणि पायऱ्या उचलून, पण प्रत्यक्ष बांधकाम न करता, माणसाच्या वागण्याचा धडा म्हणून वापरणारी ही बंधुसंस्था आहे. २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची शिखर संस्था, स्थापली आणि १७२३ मध्ये तिची छापील घटना, म्हणजे नियमावली, आली. लॉज म्हणजे राहायचं हॉटेल नव्हे आणि खरं तर इमारतही नव्हे; लॉज म्हणजे सभासदांचा समूह. ते ज्या वास्तूत जमतात तिला मेसॉनिक हॉल किंवा टेंपल म्हणतात. दार बंद करून आत काय चालतं हे बाहेर कळत नसल्यामुळे अशा वास्तूंना आपल्या देशात ‘जादूघर’ हे नाव पडलं. शेजाऱ्यांची शंका त्याच जुन्या समजातून आलेली आहे.

पायऱ्या तीनच. एंटर्ड ॲप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन. गवंड्याच्या भाषेत उमेदवार, कारागीर आणि मिस्त्री. पहिल्या प्रवेशविधीला इनिशिएशन, दुसऱ्याला पासिंग आणि तिसऱ्याला रेझिंग म्हणतात. इंग्रजी नियमाप्रमाणे दोन पायऱ्यांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात. प्रत्येक पायरीला तीन हत्यारं दिली जातात. पहिलीला २४ इंची पट्टी, हातोडा आणि छिन्नी; दिवसाचे २४ तास प्रार्थना, काम, विश्रांती आणि दुसऱ्याची मदत यांत कसे वाटायचे, हा त्या पट्टीचा अर्थ. दुसरीला गुण्या (तुमच्या ट्रंकेतला काटकोन तो हाच), पाणसळ आणि ओळंबा. तिसरीला लाइनदोरीची फिरकी, पेन्सिल आणि कंपास. ओबडधोबड दगड फोडायला लागणारी हत्यारं आधी, बसवलेला दगड तपासायची त्यानंतर आणि आराखडा आखायची शेवटी, असा हा क्रम आहे. बेळगावात जांभ्याचं किंवा काळ्या दगडाचं घर बांधताना कुणी नीट पाहिलं असेल, तर त्याला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. लॉजमध्ये दोन दगडही मांडलेले असतात, एक खडबडीत आणि एक घडीव. खडबडीत दगड ज्युनिअर वॉर्डनकडे, घडीव सीनिअर वॉर्डनकडे; हे दोघे मास्टरच्या हाताखालचे पदाधिकारी.

तिसऱ्या पायरीवरून कार्डाकडे वळतो, कारण घरातली भीती त्याचीच आहे. प्रत्येक पायरीसाठी खुणांनी भरलेलं एक चित्र असतं. त्याला ट्रेसिंग बोर्ड म्हणतात, म्हणजे मिस्त्रीचा आराखड्याचा फळा. तिसऱ्या पायरीच्या फळ्यावर शवपेटी, कवटी, आडवीतिडवी हाडं आणि बाभळीच्या जातीतल्या एका झाडाची डहाळी असते. बायबलमधल्या शलमोन राजाच्या मंदिराचा प्रमुख कारागीर हिरम अबिफ याने जीव गेला तरी दिलेला शब्द मोडला नाही, ही कथा या पायरीच्या केंद्राशी आहे. शवपेटी म्हणजे मृत्यूचं स्मरण, डहाळी म्हणजे मृत्यूपलीकडे उरणारं काही. त्यात मंत्रतंत्र नाही, कुणाचं वाईट करणं नाही. कार्ड जाळू नका. आजीला किंवा आईला भीती वाटत असेल तर हाच अर्थ सांगून ते एका पाकिटात घालून ठेवा.

आता ॲप्रन. सर्वात जास्त माहिती तोच देतो, म्हणून सावकाश बघा. इंग्रजी पद्धतीत उमेदवाराचा ॲप्रन कोऱ्या पांढऱ्या कोकराच्या कातड्याचा असतो: रुंदी १४ ते १६ इंच, उंची १२ ते १४ इंच, चौकोनी, वर झाकण, पांढऱ्या नाड्या, सजावट काही नाही. दुसऱ्या पायरीवर खालच्या बाजूला दोन आकाशी फुलं येतात. तिसरीवर आकाशी अस्तर आणि जास्तीत जास्त २ इंच रुंदीचा काठ, झाकणावर तिसरं फूल आणि दोन्ही बाजूंना पट्टीला लटकणाऱ्या चंदेरी साखळ्या, प्रत्येक बाजूला ७. मास्टर मेसनचा ॲप्रन इथे पूर्ण होतो. यापुढे जो लॉजचा मास्टर म्हणून गादीवर बसतो, त्याच्या ॲप्रनवरून ती तिन्ही फुलं निघतात आणि त्यांच्या जागी अडीच इंचांची आडवी रेघ व तिच्या मध्यावर एक इंचाची उभी रेघ अशी तीन चिन्हं येतात. तुमचे उलटे ‘टी’ ते हेच. प्रत्येक ‘टी’मध्ये दोन काटकोन असतात. बघणारे हमखास ‘तीन टी म्हणजे तिसरी डिग्री’ असं समजतात. तसं नाही. तिसऱ्या डिग्रीची खूण फुलं आहेत. ‘टी’ ही डिग्रीची खूणच नव्हे, ती केलेल्या कामाची खूण आहे.

गळ्यातल्या पट्ट्याला कॉलर म्हणतात. लॉजच्या पदाधिकाऱ्याची कॉलर चार इंच रुंद, आकाशी. तिला लटकणाऱ्या चिन्हाला ज्युवेल म्हणतात; खडे नसले तरी शब्द तोच. प्रत्येक पदाचं ज्युवेल ठरलेलं: मास्टरचा गुण्या, सीनिअर वॉर्डनची पाणसळ, ज्युनिअर वॉर्डनचा ओळंबा, खजिनदाराची किल्ली, सेक्रेटरीच्या एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन लेखण्या, निरोप पोचवणाऱ्या डीकनचं ऑलिव्हची फांदी घेतलेलं कबूतर, गरजू कुटुंबांची विचारपूस करणाऱ्या आमनरची हृदय कोरलेली थैली, दाराबाहेर पहारा देणाऱ्या टायलरची तलवार. यांतला मास्टरचा गुण्या आणि माजी मास्टरचा गुण्या यांत फरक एवढाच, की माजी मास्टरच्या गुण्यात एक चांदीची पाटी लटकते आणि तिच्यावर ग्रीक गणिती युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं ४७ वं प्रमेय कोरलेलं असतं. शाळेत पायथागोरस म्हणून शिकतो तेच: काटकोन त्रिकोण आणि त्याच्या तिन्ही बाजूंवर काढलेले चौरस. आपल्याकडचा गवंडी पाया आखताना दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करून कोपरा काटकोनात आहे का बघतो, त्याचं गणित हेच आहे. गुण्या खरा आहे की नाही हे ज्याच्यावरून तपासायचं ते माप माजी मास्टरच्या गळ्यात. संस्थेतल्या सगळ्या चिन्हांमध्ये मला हे सर्वात नेमकं वाटतं.

हा फरक व्यवहारातही महत्त्वाचा. नुसता गुण्या असलेली कॉलर लॉजच्या मालकीची असते आणि दरवर्षी नव्या मास्टरच्या गळ्यात जाते. ती घरी राहिली असेल तर परत करायला हवी. पाटीवाली कॉलर बहुधा त्या माणसाची स्वतःची असते. पट्ट्याच्या मधोमध पाव इंचाची चंदेरी वेणी शिवलेली आहे का बघा. असेल तर ती माजी मास्टरची कॉलर.

मास्टर होणं ही निवडणूक आहे आणि त्याआधी वर्षांची चाकरी असते. साधारण रिवाज असा: स्टुअर्ड म्हणून वाढपापासून सुरुवात, मग आतला पहारेकरी, ज्युनिअर डीकन, सीनिअर डीकन, ज्युनिअर वॉर्डन, सीनिअर वॉर्डन आणि शेवटी पूर्वेकडची गादी. प्रत्येक पदाला साधारण वर्षभर. इंग्रजी नियमाप्रमाणे वॉर्डनचं पूर्ण एक वर्ष पार पाडल्याशिवाय मास्टर होता येत नाही. विधीतली लांबलचक भाषणं पाठ म्हणायची असतात. सर्वांत जास्त अडचण तिथेच येते: माणूस पद घेतो, पाठांतर शेवटच्या आठवड्यावर ढकलतो, मग दर दोन वाक्यांनी अडतो आणि नव्याने आलेल्या उमेदवाराच्या मनावर जो ठसा उमटायला हवा तो उमटत नाही. तुमच्या आजोबांनी ही सगळी साखळी पार केली असणार. ‘तेहतीस’ या आकड्यापेक्षा त्यात कितीतरी जास्त कष्ट आहेत.

तो आकडा येतो कुठून? एन्शंट अँड ॲक्सेप्टेड राइट नावाची वेगळी पद्धती आहे, तिच्यात ४ ते ३३ अशा पायऱ्या आहेत. अमेरिकेतल्या चार्ल्स्टन शहरात १८०१ मध्ये तिची पहिली सर्वोच्च परिषद उभी राहिली. मास्टर मेसनला हवं असेल तर त्या वाटेने जाता येतं, पण त्या पद्धतीचा लॉजवर कुठलाही अधिकार चालत नाही आणि ३३ वाला ३ वाल्याचा वरिष्ठ ठरत नाही. जोडीच्या आणखी दोन शाखांच्या वस्तू आपल्या भागातल्या जुन्या ट्रंकांत सापडू शकतात. लाल आणि गडद निळ्या त्रिकोणांचा करवतीसारखा काठ असलेला ॲप्रन रॉयल आर्चचा. आकाशी काठाला दोन्हीकडून किरमिजी किनार आणि कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराचं पदक असेल तर ते मार्क मेसनचं. तुमच्या यादीत यांतलं काही नाही.

लॉज कोणती हे शोधायचं असेल तर ज्युवेलची मागची बाजू भिंगाने बघा. माजी मास्टरच्या चिन्हावर बहुतेकदा नाव, लॉजचं नाव, क्रमांक आणि वर्ष कोरलेलं असतं. क्रमांकापुढे ई.सी. म्हणजे इंग्रजी घटनेखालची, इंग्लंडच्या ग्रँड लॉजला जोडलेली लॉज, एस.सी. म्हणजे स्कॉटिश, जी.एल.आय. म्हणजे ग्रँड लॉज ऑफ इंडिया. भारताची स्वतःची ग्रँड लॉज २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत स्थापन झाली. त्या वेळी बऱ्याच लॉज तिच्यात आल्या, काही जुन्याच घटनेखाली राहिल्या आणि आजही आहेत. म्हणून एकाच लॉजचे दोन काळांत दोन क्रमांक सापडू शकतात. इंग्रजी लॉजचे क्रमांक १८६३ मध्ये नव्याने लावले गेले. त्याआधीच्या वस्तूवरचा क्रमांक थेट आजच्या यादीत शोधला तर भलतीच लॉज हाती लागते. शिवाय बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुन्या कागदांवर बंगळूरऐवजी मुंबईचा उल्लेख दिसला तर ते आजोबा मुंबईत राहत होते याचा पुरावा समजू नका. ॲप्रनचं झाकण गोलसर असेल आणि काठ आकाशी सोडून हिरवा, लाल किंवा चौकटीचा असेल, तर स्कॉटिश लॉजचा विचार करा. तिथे प्रत्येक लॉज आपला रंग निवडते. तुमचा आकाशी आहे, म्हणजे बहुधा इंग्रजी किंवा त्या वळणाची भारतीय.

ट्रंकेच्या तळाचा कागद आणि झाकणाचं अस्तरही चाचपून बघा. मास्टर मेसन झाल्यावर ग्रँड लॉजचं प्रमाणपत्र मिळतं आणि लोक ते घडी घालून अशाच जागी ठेवत. त्यावर लॉजचं नाव, क्रमांक, विधींच्या तारखा आणि सभासदाची सही असते. जुन्या इंग्रजी प्रमाणपत्रावर लॅटिन मजकूरही असतो; तो बघून हे चर्चचं काहीतरी आहे, असं वाटू शकतं. पण हिंदू सभासदाने शपथ गीतेवर घ्यायची, मुसलमानाने कुराणावर, पारशाने अवेस्तावर, शिखाने गुरू ग्रंथसाहिबावर, ख्रिस्त्याने बायबलवर, हीच भारतातली पद्धत आहे आणि हे ग्रंथ लॉजमध्ये एकत्र मांडलेले असतात. लॉजच्या बैठकीत धर्म आणि राजकारण यांवर चर्चा करायला मनाई आहे. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हा नियम किती मोलाचा आहे हे वेगळं सांगायला नको: मराठी आणि कन्नड घरांतली माणसं एका बाकावर बसून, भाषेचा वाद दाराबाहेर ठेवून, काम करू शकतात.

आता बुरशी. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओलसर असते, की कातडं बंद पेटीत टिकणं अवघड. सध्या ॲप्रन कोरड्या, वाऱ्याच्या जागी सावलीत पांढऱ्या मांजरपाटावर आडवा पसरा, दोन दिवस. उन्हात घालू नका. कोकराचं कातडं पिवळं पडतं आणि कडक होऊन घडीवर चिरतं. पूर्ण सुकल्यावर नाकातोंडाला रुमाल बांधून, अंगणात जाऊन, मऊ कोरड्या ब्रशने बुरशी एकाच दिशेने झाडा. ओल्या फडक्याने पुसली तर ती कातड्यात मुरते आणि राखाडी डाग कायमचा राहतो. हाताच्या मळाचे डाग साध्या पांढऱ्या खोडरबराने हलके घासा. तेलकट डागावर बिनवासाची टाल्कम पावडर रात्रभर टाकून सकाळी झटका. पाणी, साबण, नीळ, ब्लीच, बुटाचं पॉलिश, खोबरेल यांतलं काहीही नको. पिवळेपणा पूर्ण जाणार नाही आणि घालवायचा हट्टही धरू नका. वरचा थर सोलून पोपडे येत असतील तर ते कातडं नसून रेक्झिन आहे. त्याला उपाय नाही, फक्त घडी घालणं थांबवा.

धातूच्या ‘टी’भोवती हिरवट कड दिसत असेल तर मुलामा उडून आतलं पितळ कळकलं आहे. चिन्हं शिवलेली किंवा मागून पिनेने बसवलेली असतात. पिनेची असतील तर काढा, कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि परत बसवताना धातू व कातडं यांच्यामध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवा. शिवलेली असतील तर काढू नका, कडेने बटर पेपर सरकवून पुसा. घरात चांदीची भांडी चिंच, लिंबू किंवा रांगोळीने उजळतात, तसं इथे करायचं नाही. मुलामा खरवडला जातो आणि चिंचेचं पाणी कातड्यावर ओघळलं तर तपकिरी डाग पडतो. ॲप्रनच्या कमरपट्ट्याचा आकडा सापाच्या आकाराचा असेल. त्यावर गंज आला असेल तर तो कातड्याला लागू देऊ नका, कापडाच्या पट्टीत गुंडाळा.

ठेवताना ॲप्रन सपाट ठेवा. जागाच नसेल तर मांजरपाटाची गुंडाळी मध्ये घेऊन सैल गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, शाई आणि कागदाचं आम्ल दोन्ही उतरतात. प्लास्टिकच्या पिशवीतही नको, दमट हवा आत कोंडते. सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका आणि पावसाळ्यात महिन्याने बदला. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडी पुरचुंडीत, ॲप्रनपासून दूर कोपऱ्यात.

विकण्याबद्दल: बेळगावातल्या शहापूरच्या सराफाकडे नेलंत तर ज्युवेलचं मोल तो वजनावर करणार आणि आटवल्यावर कोरलेलं नाव व वर्ष जाणार, म्हणजे त्या वस्तूत जे खरं मोलाचं आहे तेच. नवा मुलामाही देऊ नका. घासण्यात कोरीव अक्षरं बुजतात. ॲप्रन आणि पाटीवाली कॉलर कुटुंबाकडे राहायला हरकत नाही. ट्रंकेत शब्दांची फक्त आद्याक्षरं छापलेलं छोटं पुस्तक मिळालं तर ते विधीचं पुस्तक आहे. ते आणि प्रमाणपत्राची प्रत लॉजच्या सेक्रेटरींना पाठवलीत तर दप्तरातून आजोबांच्या तारखा मिळण्याची चांगली शक्यता आहे.

तुमच्या प्रवेशाचं म्हणाल, तर सामान्य अट वय २१ पूर्ण, ईश्वरावर श्रद्धा (कुठलाही धर्म चालतो), चांगलं नाव आणि घर न ओढवता वर्गणी भरायची ऐपत. मुख्य प्रवाहातल्या लॉजमध्ये फक्त पुरुषांना प्रवेश असतो. कुणी बोलवायला येत नाही, स्वतः विचारावं लागतं. एक सूचक, एक अनुमोदक, मग भेटीगाठी आणि शेवटी गोट्यांचं गुप्त मतदान: पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार, आणि थोड्याशा काळ्या गोट्यांनीही अर्ज फेटाळला जातो. आजोबा माजी मास्टर होते म्हणून मतदान टळत नाही. ओळखीचा मेसन नसेल तर ग्रँड लॉज ऑफ इंडियाकडे किंवा तिच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी चौकशी करा, गावाचं नाव आणि आजोबांच्या ज्युवेलवरचा क्रमांक दोन्ही लिहा. मोबाइलवर संदेश पाठवून ‘इतके पैसे भरा, सभासद व्हा, श्रीमंत व्हा’ म्हणणारा कुणीही असो, तो भामटा आहे. लॉज आधी माणूस पाहते, प्रवेश फी मतदानात निवड झाल्यानंतरची गोष्ट. आणि प्रवेश मिळाला तरी आजोबांचा ॲप्रन लगेच बांधू नका. त्यावर ‘टी’ आहेत. तुम्हाला पहिल्या दिवशी कोरा पांढरा मिळेल.